आपल्या मालकीचा आवाज

मार्चमध्ये सतीशरावांचा फोन आला तेव्हा धम्मदीप एका टोस्टरच्या पोटात हात घालून बसला होता. शनिवारची सकाळ होती. ब्रिस्टलमधल्या त्या चर्चच्या हॉलमध्ये लोकांच्या मोडक्या वस्तू फुकट दुरुस्त करून देणारा रिपेअर कॅफे भरला होता आणि टोस्टरची मालकीण, एक ऐंशीच्या घरातली बाई, समोर चहाचा मग धरून कौतुकाने बघत होती.

सतीशराव लंडनमधल्या हॅरोच्या आंबेडकरी मंडळाचे सेक्रेटरी. "धम्मदीप, जयंतीचा हॉल बुक झालाय बरं का. दरवर्षी द्रौपदीताईंच्या ओवीने आपली सुरुवात होते. या वर्षी ताई नाहीत..." ते थोडे थांबले. "पण त्यांचं रेकॉर्डिंग असेलच ना तुमच्याकडे? आमच्या फोनवर एकदोन व्हिडिओ आहेत, पण त्यात खुर्च्या सरकतात, पोरं ओरडतात, ताई कुठे आहेत तेच कळत नाही. तुझ्यासारखा टेक्निकल मुलगा असताना आम्ही काय चिंता करायची! तू फक्त पाठव, स्पीकरवर लावू."

"पाठवतो काका," धम्मदीप म्हणाला. आई जानेवारीत गेली होती. तिच्याबद्दल तो अजून मोजकंच बोलायचा. टोस्टर तसाच ठेवून त्याने लंडनमध्ये स्टॅनमोरला बहिणीला फोन लावला. आई तिच्याकडेच राहायची.

"शीला, आईच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग दे ना. मंडळाला हवंय."

"माझ्याकडे कुठेयत दादा?" धम्मशीला म्हणाली. "त्या सगळ्या तुझ्याकडे आहेत. फ्रेमवरच्या तुझ्या फोटोत. आई ओव्या फक्त तुझ्याच फोटोत बोलायची. तू डाउनलोड केल्यास ना? कंपनीचा मेल आला होता, फेब्रुवारीअखेर सगळं बंद होणार म्हणून. मी माझं आणि ईराचं केलं. तुला पण आला असेल ना मेल?"

मेल आला नव्हता. आणि तो का आला नव्हता, हे या जगात फक्त त्यालाच माहीत होतं.

हा माणूस कसा होता ते आधी सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल. धम्मदीपच्या घरी प्रिंटर नव्हता. तो का नाही हे त्याला विचारायचं नाही, असं त्याच्या मित्रांनी आपसांत ठरवूनच टाकलं होतं. विचारलं की संपलं. आधी शाईच्या डबीतल्या चिपची गोष्ट, मग परकी शाई घातली म्हणून संपावर गेलेल्या मशीनची, मग कपडे धुण्याआधी मालकाचा ईमेल मागणाऱ्या वॉशिंग मशीनची. तोवर समोरच्याच्या चहावर साय धरलेली असायची. "जे उघडून बघता येत नाही ते आपलं नाही," हे त्याचं पालुपद. "विकत आणलं असलं तरी नाही. कंपनीने वापरायला दिलंय, त्यांची मर्जी असेल तोवर."

तो बोलायचा ते खोटं होतं असंही नाही. विमानांच्या इंजिनांचं सॉफ्टवेअर तपासायची त्याची नोकरी होती, त्याला यंत्रांची आतडी ठाऊक होती. फोनमधली कंपनीची सिस्टीम पुसून त्याने तिथे जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणालाही वाचता आणि बदलता येईल अशी सिस्टीम घातली होती. ईमेलसुद्धा कुठल्या कंपनीकडे नव्हतं. जिन्याखालच्या कपाटात, व्हॅक्यूम क्लीनरच्या शेजारी, त्याचा स्वतःचा सर्व्हर घुमत बसलेला असे. एका जयंतीला मंडळाने त्याला पाच मिनिटं बोलायला दिली तर तो थेट महाडला पोचला. चवदार तळ्याचं पाणी जसं सगळ्यांचं, तसं सॉफ्टवेअर कसं लिहिलंय हेही सगळ्यांना बघता आलं पाहिजे. कुलूप लावून आपल्याला ओंजळभर पाणी वाढणारे हे नवे कोण? मागच्या रांगेतल्या बायकांना खीर थंड होतेय याची काळजी लागली होती. पुढच्या रांगेत द्रौपदीबाईंनी मात्र सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. नंतर म्हणाल्या, "तळ्याचं समजलं बापा. पुढचं काय समजलं न्हाई. पण बोलला झ्याक."

द्रौपदीबाई जालन्याकडच्या. नवरा कडूबा औरंगाबादेत एका कॉलेजात शिपाई होता. त्याच्या पगारात आणि हिच्या चार घरच्या कामात दोन्ही पोरं शिकली. एक इंजिनियर झाला, दुसरी हॉस्पिटलात फार्मसिस्ट. कडूबा गेल्यावर व्हिसासाठी वकील, अपिलं असं सगळं पार पडून म्हातारी लेकीकडे स्टॅनमोरला आली. तिला सहीपुरतं लिहिता यायचं. पण तिच्या ओव्या! जात्यावर बसून रचायची सवय, जातं सुटलं तरी सवय सुटली नाही. बाबासाहेबांवर, रमाईवर, कडूबाच्या सायकलवर, पोरांवर. आणि इकडे आल्यावर जुबिली लाइनच्या भुयारी गाडीवर आणि कौन्सिलच्या तीन रंगांच्या कचरापेट्यांवरसुद्धा. शीला एकदा वही घेऊन लिहायला बसली तर आईला पुढचं आठवेना. "तू लिहाया लागली की सुटती गं ती," म्हणाली. नवी ओवी तिला फक्त सकाळी यायची, वंदना झाल्यावर, एकटी असताना.

म्हणून शीलाने ती फ्रेम आणली. क्विल्बी नावाच्या कंपनीची, उशाशी ठेवायची फोटोफ्रेम. घरच्यांचे गोल गोल फोटो दिसायचे. ज्याच्या फोटोवर बोट ठेवून बोलावं त्याच्या फोनमधल्या ॲपवर ते पोचायचं, आणि फक्त त्यालाच ऐकू यायचं. लिहायला नको, वाचायला नको. आई दोन दिवसांत शिकली. शीला वॉर्डवर असताना तिच्या फोनवर यायचं, "कुकर उतरवलाय, भात मऊ झाला." ईराला शाळेत यायचं, "डबा खाल्ला का गं माये?" ईरा म्हणजे शीलाची तेरा वर्षांची मुलगी, तिचा तर आजीच्या निरोपांवर जीव.

धम्मदीपच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "शीला, हे ऐकणारं यंत्र आहे. आईचा आवाज कुठे जातो माहितीय तुला? कुठल्या तरी कंपनीच्या कपाटात. उद्या ती विकली गेली, बुडाली, की संपलं."

"दादा, आई बोट ठेवते आणि बोलते. तिला एवढंच हवंय. तू फक्त ॲप टाक ना, प्लीज."

त्याने टाकलं नाही. त्याच्या फोनवर ते ॲप चालतच नसे, हे खरं; पण एक जुना साधा फोन आणून त्यावर टाकायला काय हरकत होती? हरकत तत्त्वाची होती. "एकदा वाकलं की वाकलंच," तो म्हणाला.

शीलाने फ्रेममध्ये त्याचा ईमेल घातला होता, त्यावर मग मेल यायला लागले. 'द्रौपदी तुमच्याशी बोलण्यासाठी वाट पाहत आहे!' दुसऱ्या दिवशी पुन्हा. 'द्रौपदीचा एक नवा संदेश तुमची वाट पाहतोय!' खाली मोठं हिरवं बटण. असली आमिषं त्याने उभ्या जन्मात हजारदा पाहिली होती. माणसाला ॲपमध्ये ओढायला कंपन्या काय काय थापा मारतात, यावर तो तासभर बोलू शकला असता. आपल्या आईचं नाव गळाला लावलेलं बघून तर त्याचं डोकंच फिरलं. त्याने सर्व्हरवर एक नियम लिहिला. क्विल्बीकडून येणारं काहीही, कधीही, दारातूनच परत. स्पॅमच्या डब्यातसुद्धा नको. रिपेअर कॅफेत त्याने हे अभिमानाने सांगितलं आणि तिथल्या मंडळींनी हसून दाद दिली.

बिचारी कंपनी त्याच्याशी आयुष्यात एकदाच खरं बोलली होती. आई वाट पाहत होती.

शीलाने त्याला एवढंच बजावलं होतं की, तू ऐकत नाहीस हे आईला कळू देऊ नकोस, तिला वाईट वाटेल. रविवारी तो फोन करायचा तेव्हा आई हमखास विचारायची, "ऐकलं का रे माझं?"

"हो, ऐकलं ना."

"कसं होतं?"

"छान होतं आई."

"मंग जपून ठेव. शीलीला काय देत न्हाई मी त्यातलं. तिच्या फोनात लई पसारा. तू म्हंतो ना, आपलं आपल्या घरात ऱ्हावं? म्हणून तुज्याजवळ देती समदं."

"हो आई, ठेवतो जपून," म्हणून तो विषय बदलायचा. त्याला वाटायचं, जेवलास का, थंडी आहे का, असलंच काहीतरी असणार. ओव्या असतील असं त्याच्या डोक्यातही आलं नाही. विचारावं असंही वाटलं नाही. विचारलं असतं तर खोटं उघडं पडलं असतं.

त्याने तिला स्वतः बनवलेली एक पेटी मात्र दिली होती. तिच्या पासपोर्टवर जी जन्मतारीख होती, खरी कुणालाच माहीत नव्हती, त्या दिवशी. प्लायवुडचा छोटा खोका, आत छोटा कॉम्प्युटर, वर माइक आणि एक मोठं लाल बटण. सगळं खुलं, सगळं घरातल्या घरात, कुठल्या कंपनीचा संबंध नाही. आईने तिचं नाव ठेवलं ठोकळा. बटण एकदा दाबायचं, टूं वाजेपर्यंत थांबायचं, हिरवा दिवा लाल झाला की बोलायचं, झालं की दोनदा दाबायचं. टूं कधी वाजायचा, कधी नाही. एकदा ठोकळा अडला तर धम्मदीपने ब्रिस्टलहून फोनवर सांगितलं, "आई, मागची वायर काढ आणि तीसपर्यंत आकडे मोज." आईने मोजले. काही झालं नाही. पुढे ठोकळा एअरिंग कबर्डात, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांच्या वर जाऊन बसला, आणि आई फ्रेमशी बोलत राहिली.

तर असा तो मेलचा नियम होता. सकाळच्या प्रत्येक ओवीची वर्दी त्या नियमावर आपटून परत गेली होती, आणि शेवटची सूचनाही. क्विल्बी खरोखरच विकली गेली होती. मोठ्या कंपनीला फक्त तिथले इंजिनियर हवे होते, म्हाताऱ्यांच्या फ्रेमा नको होत्या. धम्मदीपने भाकीत केलं होतं तसंच सगळं, अगदी क्रमाने.

टोस्टरची मालकीण अजून समोर बसली होती. त्याने टोस्टर बंद करून तिच्या हातात दिला, दुरुस्त न करताच, आणि तो थेट स्टॅनमोरला निघाला.

शीला स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. त्याने नियमाची गोष्ट सांगितली. सांगताना तो टाइल्सकडे बघत होता. तिने ऐकून घेतलं. धम्मदीपला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे दोन वर्षं तू एकही नाही ऐकलीस," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, तू नंतर टाकलं असशील ॲप. आई म्हणायची ना, दीप म्हणतो छान होतं."

"शीला..."

"तू बरोबर होतास दादा. टोटली बरोबर. कंपनी बंद पडली, सगळं गेलं. तू सांगितलंच होतंस. खूश?"

आपण बरोबर होतो, एवढी एकच गोष्ट त्याच्याजवळ शिल्लक होती, आणि ती कुठे टाकावी हे त्याला कळत नव्हतं.

ईरा जिन्यावरून खाली आली. तिने दारातून सगळं ऐकलं होतं. "मामा, पण तू तर सगळं उघडू शकतो ना? तू फ्रेम पण उघड. आजीचा आवाज आतमध्येच असेल. ती कुठे जाणार?"

त्याने फ्रेम ब्रिस्टलला नेली. पडद्यावर क्विल्बीचा पक्षी पंख हलवत होता आणि खाली लिहिलं होतं, 'आमच्यासोबत आठवणी जपल्याबद्दल आभार!' फ्रेम स्क्रूने नाही, गोंदाने बंद केलेली होती, कुणी उघडू नये म्हणूनच. हीट गन लावून, गिटार वाजवायची पातळ प्लास्टिकची पिक कडेकडेने सरकवत त्याने ती उघडली. आतली मेमरी उतरवून घेतली, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून एकेक कोपरा धुंडाळला. वायफायचा पासवर्ड होता. घड्याळाची सेटिंग्ज होती. आणि तीन गोल फोटो होते. त्याच्या नावाचा फोटो त्याने उघडला. आईने निवडलेला होता: शाळेच्या गणवेशातला, तेल लावून चप्प बसवलेले केस, कडूबाच्या सायकलच्या दांड्यावर हात. दोन वर्षं रोज सकाळी ती या पोराच्या तोंडावर बोट ठेवून बोलत होती.

आवाज नव्हता. एकही नाही. फ्रेमने काही स्वतःजवळ ठेवलंच नव्हतं, सगळं कंपनीकडे जायचं. हेही त्यानेच सांगितलं होतं.

मग त्याने कंपनीच्या मागे लागून पाहिलं. चॅटवर पिप नावाचा बोलका बॉट होता. पिप म्हणाला, तुमच्या नुकसानीबद्दल मला खूप वाईट वाटतं, मी आणखी कशात मदत करू? धम्मदीपने माणूस मागितला. पिपला परत वाईट वाटलं. शेवटी त्याने नव्या मालकांना रीतसर पत्र लिहिलं. उत्तर यावं म्हणून आधी स्वतःच्या सर्व्हरवरचा तो नियम काढावा लागला. एका ओळीचा नियम.

उत्तर आलं, सभ्य भाषेत. ग्राहकांच्या खाजगीपणाचा आदर राखून सर्व आवाज कायमचे नष्ट करण्यात आले आहेत. कुठेही प्रत ठेवलेली नाही. धम्मदीपने ते पुन्हा पुन्हा वाचलं. कंपन्या आपला डेटा कधी पुसत नाहीत, पुसला म्हणतात आणि ठेवतात, हे तो गेली कित्येक वर्षं घसा फोडून सांगत होता. एका तरी कंपनीने खोटं बोलायला हवं होतं. नेमकी हीच प्रामाणिक निघाली.

रिपेअर कॅफेतल्या मंडळींना कळलं तेव्हा एकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू म्हणतच होतास, दीप." तो चांगल्या मनानेच म्हणाला होता. धम्मदीप मागच्या खोलीत गेला आणि सिंकचा नळ सोडून रडला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

जयंतीच्या कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात शीलाचा फोन आला. आई गेल्यानंतर दोघं नीट बोलली नव्हती, आणि त्या दिवसानंतर तर अजिबातच नाही.

"दादा, एअरिंग कबर्ड साफ करत होते. तुझा ठोकळा सापडला."

"टाकून दे."

"ऐक ना. ईराने प्लग लावला. त्याच्यावर दिवा लागला, आणि त्या छोट्या स्क्रीनवर एक रेकॉर्डिंग दिसतंय. मोठंय रे. अर्ध्या तासापेक्षा पण जास्त. आम्ही हात नाही लावला, काहीतरी उडेल म्हणून. तू ये."

अर्धा तास! गाडी चालवताना धम्मदीपच्या मनात नको नको म्हणताना आशा उभी राहिली. आपण नसताना आईने कधीतरी बसून म्हटलं असेल. टूं वाजला असेल, लाल दिवा लागला असेल, वंदना झाल्यावर एकटी असताना ती त्या ठोकळ्यासमोर बसली असेल. आपल्या पोराने केलंय, तर एकदा बोलून बघावं, असं वाटलं असेल तिला. अर्ध्या तासात किती ओव्या बसतात! मंडळाला एक देता येईल. बाकीच्या तिघांनी मिळून ऐकायच्या. एवढ्या एका रेकॉर्डिंगवर शीलाशीही पुन्हा बोलता येईल असं त्याला वाटत होतं.

शनिवारची दुपार होती. शीलाने ठोकळा आईच्या खोलीत, तिच्या पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवला होता. जिथे फ्रेम असायची तिथेच. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्धाची तसबीर, खाली आईने आणलेली पितळी मेणबत्तीदाणी. शीला आणि ईरा पलंगावर बसल्या, धम्मदीप जमिनीवर. ठोकळ्याने पासवर्ड मागितला नाही, अकाउंट मागितलं नाही, कुणाची परवानगी विचारली नाही. फाइल एका बटणावर उघडली.

टूं.

"हां, झालं सुरू," आवाज आला. धम्मदीपचाच. "आई, इथे बस. आता हा दिवा हिरवा आहे ना, तो लाल झाला की..."

"झाला की लाल." आईचा आवाज आला आणि शीलाने तोंडावर हात घेतला. इतका स्वच्छ होता तो. श्वाससुद्धा ऐकू येत होता. माइक चांगला निवडला होता धम्मदीपने.

"हां, मग बोल काहीतरी. म्हण तुझी एखादी ओवी."

आईने घसा साफ केला. बांगड्या वाजल्या. आणि तिने सूर धरला.

"समिंदराच्या गं पार, माझ्या दीपाचं गं घर..."

"थांब आई, थांब. लेव्हल बघतो. जरा जास्त येतोय आवाज."

टकटक. टकटक.

"आता?" आई म्हणाली.

"हां, आता म्हण."

"समिंदराच्या गं पार, माझ्या दीपाचं..."

"एक मिनिट. आई, तू माइकच्या फार जवळ जातेयस. आणि हे बघ, हे काय आहे समजून घे आधी. हे सगळं आपलं आहे. शीलाची ती फ्रेम आहे ना, ती आपली नाही."

आणि मग तो बोलायला लागला. पलंगावरच्या दोघी ऐकत होत्या आणि जमिनीवरचा तो ऐकत होता. कंपन्या कशा फसवतात. कुलूप म्हणजे काय. चवदार तळं. प्रिंटरची गोष्ट. शाईच्या डबीतली चिप. त्याचा आवाज उत्साहाने भरलेला होता, त्याला आईला खरंच समजावून सांगायचं होतं, तिने एकदा तरी म्हणावं की हो रे, बरोबर आहे तुझं. मधेमधे आई "हां" म्हणत होती. "असं का?" म्हणत होती. एकदा हलकेच तिने पुन्हा सूर लावला, "समिंदराच्या गं..." आणि तो तिचा सूर दाबून पुढे बोलत गेला.

"मामा," ईरा हळूच म्हणाली, "हे तर सगळं तूच बोलतो."

धम्मदीपने मान हलवली. बंद करायला त्याचा हात उठत नव्हता.

रेकॉर्डिंगमधला धम्मदीप शेवटी दमला. "म्हणून म्हणतो आई, तुझा आवाज आपल्या मालकीचा पाहिजे. हा ठोकळा कुणी कधी बंद करू शकत नाही. कळलं? आता म्हण."

मग आई म्हणाली, "आता ऱ्हाऊ दे. बोलून बोलून घसा सुकला आसंल तुझा. च्या टाकती."

पलंग करकरला. पावलं गेली. दार वाजलं. पुढे नुसती टकटक, कीबोर्डवर बोटं पडत होती. रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं. तो बंद करायला विसरला होता. शीला डोळे पुसत उठायला लागली.

"थांब ना मम्मा," ईरा म्हणाली. "आजी चहा घेऊन परत येईल ना. मग म्हणेल ती. मामा, पुढे घे."

धम्मदीपने पुढे सरकवलं. टकटक, टकटक. मग दार वाजलं. पावलं आली, सावकाश, भरलेला कप सांभाळत यावीत तशी. बशीत कप किणकिणला. आई जवळच उभी होती, माइकच्या अगदी जवळ. तिचा श्वास ऐकू येत होता. ती थांबली होती. मग तिने खूप हळू आवाजात, त्याच्या कामात अडथळा नको म्हणून, विचारलं,

"दीपा, ती तुझ्यावरची ओवी, म्हणू का आता?"

टकटक थांबली नाही.

"ठेव तिथे, आई."